छप्पर ४६ मिलिमीटरने उचललं गेलं: भिंत जाड झाल्यावर बिघडलेल्या एका मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एल आकाराचं दुमजली घर. मोठा पंख ८ मीटर रुंद, छोटा ५ मीटर. दोन्हींवर दुपाखी उतरतं छप्पर आणि टोकांना त्रिकोणी गेबल भिंती. मोठ्या पंखाचा उतार ३० अंश, छोट्याचा २२.५. छोट्या पंखाचं आढं आणखी खाली, दबलेलं दिसावं ही मालकांची इच्छा. ती मान्य करताना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना आम्हाला नव्हती. मंजुरीच्या अटीनुसार आढ्याची कमाल उंची ८.५० मीटर होती.

काम रेव्हिट या इमारतींचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मॉडेल एक कनिष्ठ सहकारी करत होती, ड्रॉइंगच्या शीट एक अनुभवी ड्राफ्ट्समन लावत होता आणि तपासणी माझ्याकडे होती. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत, मापं तशीच ठेवली आहेत. प्रकरण मापांचंच आहे.

सुरुवातीला एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली. भिंतींची लोकेशन लाइन आम्ही 'कोअर फेस एक्स्टिरिअर'वर ठेवली होती, म्हणजे भिंतीचा मुख्य गाभा जिथे बाहेरच्या बाजूला संपतो तिथे. ती 'वॉल सेंटरलाइन'वर राहिली, तर भिंतीला एका बाजूने थर वाढवला तरी भिंत दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी सरकते. गाभा हलतो आणि स्ट्रक्चरच्या ग्रिडशी जमेनासा होतो. हा धडा आम्ही एका जुन्या कामात शिकलो होतो. छपराच्या बाबतीत तसा धडा मिळायचा होता.

पहिला निर्णय: वळचणी कुठे जुळवायच्या

दोन पंखांचे उतार वेगळे असले की तीन गोष्टी एकदम सारख्या ठेवता येत नाहीत: ओव्हरहँग (छप्पर भिंतीच्या बाहेर जेवढं पुढे येतं ते अंतर), वळचणीची उंची आणि वासे ज्या पट्टीवर टेकतात त्या वॉल प्लेटची उंची. दोन सारख्या ठेवा, तिसरी निसटते.

मोठ्या पंखाचं ओव्हरहँग ६०० मिमी ठरलं होतं. ३० अंशांत ६०० मिमी आत आलं की छपराची खालची बाजू वळचणीपेक्षा ३४६ मिमी वर जाते. छोट्या पंखालाही ६०० दिलं, तर २२.५ अंशांत ती फक्त २४९ मिमी चढते. वळचणी एका रेषेत, पण वॉल प्लेट ९७-९८ मिमीने वरखाली. मग दोन पंखांच्या भिंती वेगवेगळ्या उंचीवर थांबवा, बीमला पायरी द्या, हे सगळं आलं.

आम्ही प्लेट आणि वळचण सारख्या ठेवल्या आणि ओव्हरहँग मोकळं सोडलं. छोट्या पंखाचं ओव्हरहँग ८३६ मिमी झालं. आकडा विचित्र दिसतो, पण पन्हळ आतल्या कोपऱ्यावरून सरळ वळते आणि बीम एका पातळीत राहतो. उतार वेगळे असल्याने दोन पाखे मिळतात ती व्हॅली प्लॅनमध्ये ४५ अंशांत येत नाही. एका वळचणीशी साधारण ५४ अंशांचा आणि दुसरीशी ३६ अंशांचा कोन करते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं मॉडेल चुकलंय. चुकलेलं नसतं.

निर्णय योग्य होता. फक्त तो कुठेच लिहून ठेवला नाही. ८३६ हा आकडा मॉडेलमध्ये होता, त्यामागचं कारण माझ्या डोक्यात.

छप्पर कसं काढलं होतं

रेव्हिटमध्ये 'रूफ बाय फूटप्रिंट' काढताना कडेच्या रेषा दोन तऱ्हेने येतात. एक, 'पिक वॉल्स' वापरून भिंती निवडायच्या. मग रेषा भिंतीशी बांधल्या जातात आणि भिंत सरकली की छप्परही सरकतं. दोन, साध्या रेषा ओढायच्या. त्यांना भिंतीशी काही देणंघेणं नसतं. आमच्या सहकारीने रेषा ओढल्या होत्या, कारण त्या वेळी भिंतींचे प्रकार ठरायचे होते आणि भिंतीला बांधलेलं छप्पर सारखं हलत राहील अशी तिला भीती होती. भीती रास्त होती.

पण या पद्धतीत उतार त्या कडेच्या रेषेवरून, म्हणजे वळचणीच्या टोकावरून सुरू होतो. छपराची खालची बाजू त्या रेषेवर पायाच्या उंचीला असते आणि तिथून आढ्याकडे चढते. आमच्या मॉडेलमध्ये ही पायाची उंची जमिनीपासून ५.५६० मीटर होती. अर्धी रुंदी ४ मीटर अधिक ओव्हरहँग ०.६, असे ४.६ मीटर चढत गेलं की २.६५६ मीटर उंची मिळते. त्यात छपराची जाडी. जाडी २२० मिमी, पण ती उताराला काटकोनात मोजलेली असते, उभ्यात मोजली तर ती २५४ होते. (इथे २२० धरून आढ्याची उंची काढणारे मी बरेच पाहिलेत, ३४ मिमीची चूक ठरलेली.) बेरीज ८.४७० मीटर. मर्यादेच्या आत, ३० मिमी हाताशी ठेवून.

गेबल भिंतींचं काय? छताखालचा त्रिकोण काढायला तिने 'एडिट प्रोफाइल' वापरलं: एलिव्हेशनमध्ये, म्हणजे घराच्या समोरून दिसणाऱ्या चित्रात, जाऊन छपराच्या खालच्या रेषेवरून हाताने गिरवलं. दिसायला बिनचूक. पण ती गिरवलेली रेष छपराला ओळखत नाही.

अडचण

स्ट्रक्चरच्या ड्रॉइंग बाहेर पडल्यावर ऊर्जेच्या सल्लागाराने बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन सुचवलं. भिंतीच्या प्रकारात थर घालायला दहा मिनिटं लागली. लोकेशन लाइन गाभ्यावर असल्यामुळे गाभा जागचा हलला नाही, भिंत फक्त बाहेरच्या बाजूला ८० मिमीने जाड झाली. आम्ही खूश.

भिंतीचा चेहरा ८० मिमी बाहेर आला तसं एलिव्हेशनमधलं ६०० चं ओव्हरहँग ५२० झालं आणि छोट्या पंखाचं ८३६ चं ७५६. ड्राफ्ट्समनला शीट लावताना ते खटकलं. ठरलेलं माप ६००, मॉडेलमध्ये ५२०. त्याने जे कुणीही केलं असतं तेच केलं. छपराच्या स्केचमध्ये गेला, सगळ्या कडेच्या रेषा ८० मिमीने बाहेर ऑफसेट केल्या आणि हिरवी खूण दाबली. ओव्हरहँग पुन्हा ६००.

गेबलच्या बाजूच्या रेषा बाहेर गेल्याने काही बिघडलं नाही, त्यांना उतार नसतो. पण वळचणीच्या रेषा ८० मिमी बाहेर गेल्या आणि पायाची उंची तीच राहिली. उतार आता आणखी लांबून सुरू होऊ लागला. मोठ्या पंखाचा अख्खा पाखा ८० गुणिले ०.५७७, म्हणजे ४६ मिमी वर उचलला गेला. छोट्या पंखाचा ३३ मिमी. वळचण हलली नाही, तिच्या आतलं सगळं वर गेलं. वळचणीचं पाणी आढ्याला, तशातली गत.

आढं ८.५१६ वर पोचलं. मर्यादेच्या १६ मिमी वर. एलिव्हेशनमध्ये मात्र '+८.४७०' हेच दिसत होतं, कारण तो आकडा स्पॉट एलिव्हेशनचा (मॉडेलवरून उंची स्वतः वाचणाऱ्या खुणेचा) नव्हता, टेक्स्ट म्हणून टंकलेला होता. ते काम माझं. घाईच्या एका संध्याकाळी मीच टाकला होता.

कळलं कसं

तपासणीत नाही कळलं. शीट १:१०० ला छापली की ४६ मिमीची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी दिसते, जाड रेघ ती गिळून टाकते. बाहेरून पाहिलं तर फेशिया (वळचणीच्या टोकावरची उभी पट्टी) आणि ओव्हरहँगच्या आड भिंतीचा माथा झाकलेला.

छपराची फ्रेम बनवणाऱ्याने मॉडेल मागवलं आणि गेबलजवळून स्वतः एक सेक्शन, म्हणजे उभा छेद, कापला. त्याचा फोन आला: "सर, तुमच्या सेक्शनमध्ये वासा भिंतीला टेकतच नाही. टेकवू कुठे?"

मी म्हटलं, बघतो. सेक्शन उघडला, झूम केलं, थिन लाइन्स (सगळ्या रेघा बारीक दाखवणारा पर्याय) चालू केल्या. गेबलच्या त्रिकोणाच्या दोन्ही तिरक्या कडांवर एकसारखी बारीक पट्टी उजळली: भिंत खाली, छप्पर वर, मध्ये काहीच नाही. लांब भिंतींचा माथा लेव्हलवरून ठरवलेला होता, तोही तेवढाच खाली राहिला होता. दोन पंखांच्या प्लेटची उंचीही जुळत नव्हती, ४६ आणि ३३ मधला १३ मिमीचा फरक तिथे दिसत होता. याच फरकाने कोडं सुटलं. दोन्ही पंख सारखेच उचलले गेले असते, तर कुणीतरी पायाची उंची बदलली असं समजून मी भलतीकडेच शोधत बसलो असतो. फरक उताराच्या प्रमाणात होता, म्हणजे आडवं काहीतरी सरकलं होतं.

रेव्हिट हे नाव 'रिव्हाइज इन्स्टंटली'वरून आलं असं सांगतात. २००० साली ते बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं, तेव्हापासून एक जागा बदला, बाकी सगळं आपोआप बदलेल हेच त्याचं आश्वासन राहिलंय. ते खोटं नाही. पण ज्या दोन गोष्टींचं नातं आपण सांगितलेलंच नाही, ते नातं त्याने कुठून सांभाळायचं?

तोललेले पर्याय

पहिला विचार ड्राफ्ट्समनचा: रेषा परत ८० मिमी आत घ्याव्यात. सगळं पूर्ववत होईल, ओव्हरहँग ५२० आणि ७५६ राहील. सर्वांत कमी काम. पण ओव्हरहँग भिंतीवर पावसाचा मारा कमी व्हावा म्हणून हिशोबाने ठरवलं होतं, आणि इन्सुलेशनवरचं बाहेरचं फिनिश आधीच्या प्लॅस्टरपेक्षा नाजूक होतं. जिथे संरक्षण जास्त हवं तिथेच ते कमी करायचं, हे मला पटेना.

दुसरा, उतार कमी करणं. ३० चा २९.६ अंश केला की आढं ८.४७० ला येतं. हिशोब मी केलाही, २९.५९. मग व्हॅलीचा कोन बदलणार, फ्रेमवाल्याचे साचे बदलणार आणि पुढे प्रत्येक सेक्शनमध्ये कुणीतरी तो '३०' करून 'दुरुस्त' करणार. असे अर्धवट आकडे मॉडेलमध्ये टिकत नाहीत, सद्हेतूने पुसले जातात.

तिसरा, छप्पर पुसून 'पिक वॉल्स'ने नव्याने काढणं. तत्त्वतः हाच बरोबर. पण जुन्या छपरावर फेशिया, पन्हळ, धुराड्याचं भोक आणि बरीच मापं बसलेली होती, छप्पर पुसलं की तीही जाणार. शिवाय 'पिक वॉल्स'च्या छपरात 'राफ्टर' (वासा) की 'ट्रस' (कैची) ही निवड असते: राफ्टर निवडलं तर प्लेटची उंची भिंतीच्या आतल्या बाजूपासून मोजली जाते, ट्रस निवडलं तर बाहेरच्या. आमची प्लेट जुन्या बाहेरच्या चेहऱ्याशी जुळवलेली होती. सगळे आकडे पुन्हा काढावे लागले असते, तेही स्ट्रक्चरच्या ड्रॉइंग बाहेर गेल्यावर.

चौथा पर्याय सहकारीने मांडला, आणि तिने कागदावर एक तिरकी रेघ ओढून दाखवल्यावर इतरांवर बोलणं थांबलं. ती म्हणाली, "पाखा तोच राहू दे, फक्त तो खाली लांबवू." भिंत बाहेर आली म्हणून छपराचं प्रतल हलायचं कारण नाही. तेच प्रतल त्याच उतारात ८० मिमी पुढे नेलं की त्याचं टोक आपोआप ४६ मिमी खाली येतं. म्हणजे रेषा आहेत तिथेच ठेवायच्या आणि पायाची उंची ५.५६० वरून ५.५१४ करायची.

छोट्या पंखावर ते तसंच्या तसं लागू पडेना. तिथे ८० मिमीला ३३ च उतरतात. दोन्हींचा पाया ४६ ने उतरवला, तर छोट्या पंखाचं छप्पर जुन्या जागेपेक्षा १३ मिमी खाली बसतं आणि प्लेट पुन्हा बिघडते. फक्त ३३ ने उतरवलं, तर प्लेट जुळते पण आतल्या कोपऱ्यावर पन्हळीला १३ मिमीची पायरी येते. पहिल्या निर्णयातलं तेच त्रांगडं नव्या मापात परत आलं होतं, आणि उत्तरही तेच: प्लेट व वळचण धरायची, ओव्हरहँग सोडायचं. छोट्या पंखाच्या रेषा आणखी ३१-३२ मिमी बाहेर. ओव्हरहँग ८६८.

केलेलं काम

हात लावण्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवली आणि दोन्ही पंखांतून एकेक सेक्शन काढून त्यात खरे स्पॉट एलिव्हेशन लावले: आढं, वळचण, आणि गाभ्याजवळ छपराची खालची बाजू. मग स्केच उघडून पाया उतरवला, छोट्या पंखाच्या रेषा सरकवल्या. आढ्यावरचा आकडा ८.५१६ चा ८.४७० झालेला पाहून तिघांनीही सुस्कारा सोडला.

छप्पर जागेवर आलं तशी हाताने गिरवलेली गेबलची प्रोफाइलंही छपराला बरोबर लागली. इथे मोह झाला, आता कशाला हात लावा. ड्राफ्ट्समनचं मत तेच होतं. मी ऐकलं नाही. 'रीसेट प्रोफाइल' करून गेबल भिंती पुन्हा आयताकृती केल्या आणि 'अटॅच टॉप'ने छपराला जोडल्या, लांब भिंतीही तशाच. टॅब दाबून साखळीने भिंती निवडताना ओट्याची बुटकी भिंतही निवडीत आली, आणि ती छपराला जोडली आहे पण छपरापर्यंत पोचत नाही अशी सूचना आली. तिला वेगळं काढलं. ही सूचना बघून न बघितल्यासारखी बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते, पण भिंत छपराखालून निसटली की सॉफ्टवेअर ओरडून सांगतं ते याच एका सूचनेतून.

भिंतींच्या मोजणीत आणखी एक गोष्ट सापडली. तक्त्यात क्षेत्रफळ 'लांबी गुणिले अनकनेक्टेड हाइट' (भिंतीची नोंदवलेली एकच उंची) असं काढलेलं होतं. तिरक्या माथ्याच्या भिंतीला हा गुणाकार चालत नाही, तो भिंत आयत समजतो. ८ मीटर रुंदीच्या, ३० अंशांच्या गेबलचा त्रिकोण ९.२४ चौरस मीटरचा. आयत प्लेटपर्यंत धरला तर तेवढं कमी भरतं, आढ्यापर्यंत धरला तर तेवढंच जास्त. दोन गेबल मिळून साडेअठरा चौरस मीटरची चूक. स्तंभ काढून टाकला आणि सॉफ्टवेअर स्वतः मोजतं ते 'एरिया' घेतलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचं घनफळही सपाट छत धरून आलेलं होतं. 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' हा पर्याय चालू केल्यावर तेही सुधारलं.

निकाल

फ्रेमवाल्याला नवं मॉडेल गेलं, त्याने प्लेटची उंची त्याच्या बाजूने पडताळली आणि साचे न बदलता काम पुढे नेलं. वासे मोठ्या पंखावर उतारात ९२ मिमीने आणि छोट्यावर साधारण १२० मिमीने लांब झाले, एवढाच त्याच्याकडचा बदल. स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगला हात लावावा लागला नाही. छोट्या पंखाची पन्हळ भिंतीपासून दूर गेल्याने पावसाच्या पाइपचं वरचं वळण लांबवावं लागलं. ते जरा ओबडधोबड दिसतं, मला अजून खुपतं.

काही आठवड्यांनी मालकांनी छोट्या पंखाचा उतार २५ अंश करून पाहायला सांगितला. गेबल छपराबरोबर निमूट वर गेल्या. वळचणीचा हिशोब मात्र पुन्हा हाताने करावा लागला. मालकांना शेवटी २२.५ च बरा वाटला.

वेगळं काय करता आलं असतं

रेषा ओढून छप्पर काढणं ही चूक होती असं मी म्हणणार नाही. संकल्पनेच्या टप्प्यावर मोकळं छप्परच सोयीचं. पण भिंतींचे प्रकार ठरले, त्या दिवशी ते 'पिक वॉल्स'ने पुन्हा काढायला हवं होतं, 'एक्स्टेंड टू वॉल कोअर' चालू ठेवून, म्हणजे ओव्हरहँग फिनिशपासून न मोजता गाभ्यापासून मोजलं जातं. तेव्हा त्यावर फेशियाही नव्हता, पन्हळही नव्हती. तास-दीड तासाचं काम. राफ्टर की ट्रस हेही तेव्हाच, स्ट्रक्चरच्या माणसाला विचारून ठरलं असतं. बाहेरून थर वाढण्याची शक्यता असेल तर मी आता राफ्टरकडे झुकतो, आतली बाजू त्याने हलत नाही.

आर्चिकॅड या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये छपराला पिव्हट लाइन असते. उतार त्या रेषेभोवती फिरतो आणि छपराची कड त्यापासून वेगळी असते, कड कितीही बाहेर ओढा, प्रतल जागेवरच राहतं. तिथे हे प्रकरण बहुधा घडलंच नसतं, पिव्हट लाइन भिंतीच्या गाभ्यावर ठेवली असती तर. ती वळचणीवर ठेवणारेही भेटतात.

ड्राफ्ट्समनला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर ६०० हे माप होतं आणि ते त्याने पाळलं. ६०० हे प्लेटच्या उंचीनंतर येतं, हे त्याला कुठून कळणार? आता छपराच्या टाइप कमेंट्समध्ये एक ओळ आहे: 'प्लेट आणि वळचण पक्की, ओव्हरहँग त्यावरून'. आणि सेक्शनमधले ते तीन स्पॉट एलिव्हेशन आम्ही शीटवर ठेवले आहेत. मालकांनी विचारलं होतं, इतके आकडे कशाला. आढ्याचा टंकलेला आकडा मी स्वतःच पुसला.